ती ‘जाते’ म्हणाली

मंगळवारी सकाळी तंतोतंतरावांची बायको ‘जाते’ म्हणाली आणि दार ओढून घेऊन निघून गेली. तंतोतंतराव वर्तमानपत्राच्या आडून ‘हं’ म्हणाले.

एवढंच घडलं. यावर कोणी गोष्ट लिहील असं कोणालाही वाटणार नाही, आणि तंतोतंतरावांनाही वाटलं नाही; निदान आतलं पान उलटेपर्यंत तरी नाही. पान उलटताना त्यांचं लक्ष आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे गेलं. ते बोट गुडघ्यावर काहीतरी गिरवत होतं.

इथं एक खुलासा करायला हवा. तंतोतंतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुठल्याही आईबापांना पोटच्या पोराचा एवढा राग येत नाही. ते नाव कचेरीनं ठेवलं होतं. त्यांचा जन्म लघुलेखनात गेला. साहेब बोलायचे आणि हे टिपायचे, आणि जे टिपायचे ते तंतोतंत. एका साहेबांना दर वाक्यामागे ‘काय म्हणतात ते’ म्हणायची सवय होती. त्यांच्या निरोपाचं भाषण तंतोतंतरावांनी टंकलिखित करून त्यांच्या हाती दिलं, तेव्हा ते वाचून साहेब रडले. निरोपाच्या दुःखानं रडले असा तंतोतंतरावांचा समज होता, आणि तो कोणी दूर केला नव्हता.

तर लघुलेखकाचं असं असतं की शब्द कानातून थेट बोटात उतरतो. डोक्यात चढायला त्याला सवड लागते. कधी कधी तर निवृत्तीपर्यंत लागते. बोट गुडघ्यावर गिरवत होतं ते ‘जाते’, आणि आत्ता कुठं ते डोक्यात पोचत होतं.

‘जाते’?

लग्न झाल्यापासून ही बाई घराबाहेर पडताना ‘येते’ म्हणत आली होती. भाजीला गेली तरी ‘येते’, माहेरी महिनाभर गेली तरी ‘येते’, आणि एकदा कडाक्याचं भांडण होऊन बॅग भरून निघाली होती तेव्हाही उंबरठ्यावर वळून, दात ओठ खाऊन का होईना, ‘येते’च म्हणाली होती, आणि आलीही होती, जेवणाच्या वेळेला. बाहेर पडताना ‘जाते’ म्हणू नये हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ‘जाते’ म्हणणारी माणसं एक तर परत येणार नसतात, किंवा मग येणारच नसतात. तिसरा अर्थ तंतोतंतरावांना सुचेना.

त्यांनी तिला फोन लावला. फोन स्वयंपाकघरात, बरण्यांच्या फळीवर वाजला.

“फोनसुद्धा टाकून गेली,” तंतोतंतराव रिकाम्या घराला म्हणाले, आणि मटकन खुर्चीत बसले.

आता ती का गेली हे शोधणं आलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, भांडण आठवून बघावं. पण तंतोतंतरावांना सगळंच आठवत होतं, हीच तर पंचाईत होती. काल रात्री जेवताना ती काय म्हणाली, परवा काय म्हणाली, सगळं शब्द न् शब्द आठवत होतं, आणि त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. ‘काही नाही’ होतं. ‘तुम्हाला वाटेल तसं’ होतं. ‘बघा बाई’ होतं. ‘मी कुठं काय म्हणतेय’ हे तर दोनदा होतं. लघुलिपीत प्रत्येक शब्दाला खूण आहे, पण शब्द कुठल्या सुरात आला याला खूण नाही. ही त्या विद्येतली त्रुटी त्यांना आज प्रथमच जाणवली. इतकी वर्षं साहेब लोकांचं काम त्या खुणेवाचून अडलं नव्हतं.

शेवटी न राहवून ते समोरच्या घरात गेले.

समोर अनुभवीकाका राहत. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘माझ्या अनुभवानं सांगतो’ इथून सुरू होई, म्हणून हे नाव. कशाचा अनुभव, हे त्यांना कोणी विचारत नसे. त्यांच्या काकूंना थोडं कमी ऐकू यायचं. लग्नानंतर यायला लागलं, असं त्या स्वतःच सांगत.

“‘जाते’ म्हणाली,” तंतोतंतराव म्हणाले.

“जातं?” काकू म्हणाल्या. “दळायचं? आता कुठं मिळतंय ते? आणि तिला कशाला हवंय?”

“जातं नव्हे हो काकू. जाते. स्वतः.”

काकांनी डोळे मिटले. “माझ्या अनुभवानं सांगतो, बाई बोलते त्यावर जाऊ नये. बोलता बोलता कुठं थांबली होती ते बघावं. अलीकडे कुठली गोष्ट तिनं अर्ध्यावर सोडली?”

तंतोतंतरावांनी स्मृती चाळली. “कपाट. रविवारी संध्याकाळी ती म्हणाली, ‘या कपाटाचं दार पलंगाला अडतं, पुरतं उघडतच नाही.’ मी म्हटलं, ‘मग कपाट हलवू का?’ ती म्हणाली, ‘राहू दे.’”

“आणि तुम्ही?”

“मी राहू दिलं.”

काकांनी डोळे उघडले आणि एखाद्या वैद्यानं नाडी सापडल्यावर बघावं तसं काकूंकडे बघितलं. “ऐकलंस? राहू दिलं म्हणे!”

“अरे देवा,” काकूंना हे नेमकं ऐकू आलं.

“अहो, बायकांचं ‘राहू दे’ म्हणजे काय कळतं का तुम्हाला?” काका म्हणाले. “‘राहू दे’ म्हणजे ‘अजून हललं नाही?’ तुम्ही विचारलंत तिथंच चुकलात. विचारायचं नसतं. तिनं दाराकडे बघितलं की आपण कपाटाला खांदा लावायचा.”

“पण राहू दे म्हणजे तर राहू दे…”

“बघा, म्हणून गेली.”

तंतोतंतरावांना हे पटलं असं नाही, पण दुसरं काहीच हाताशी नसलं की माणूस मिळेल ते पटवून घेतो. ठरलं असं की ती जिथं असेल तिथून तिला आणायची. पण तिनं दारात पाऊल टाकलं की कपाट बाहेरच्या खोलीत दिसलं पाहिजे. शब्दांच्या भानगडीत पडायचंच नाही. कपाट बोलेल.

आधी ती कुठं असेल ते बघायचं होतं. मेहुणीला फोन लावला. तंतोतंतरावांनी आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, “सहज फोन केला. तुझी ताई तिकडं आलीय का, सहज?”

“भाऊजी, काय केलंत तुम्ही?” मेहुणी म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता, “मी निघाले” म्हणून तिनं फोन ठेवला. ‘निघाले’ म्हणजे इकडे यायला निघाली की आणखी काही, या शंकेनं तंतोतंतरावांचं डोकं पुन्हा एकदा फिरलं.

मग तिच्या मैत्रिणी झाल्या, शिवणाऱ्या बाई झाल्या. “तुमची बहीण राहिली,” काकू म्हणाल्या.

“छे!” अनुभवीकाका आणि तंतोतंतराव एकदम म्हणाले. रागावून निघालेली बायको नवऱ्याच्या बहिणीकडे जाईल? एवढं तर अनुभव नसलेल्यालाही कळतं. ते एक घर सोडून सगळीकडे फोन झाले.

आता कपाट. कपाट सागवानी होतं, दोन दारांचं, आणि भरलेलं. रिकामं करावं असं तंतोतंतराव म्हणाले; काका म्हणाले, “माझ्या अनुभवानं सांगतो, भरलेलं सामान एका दमात हलतं. रिकामं डुगडुगतं.” हे माणसांबद्दल खरं असेल, कपाटांबद्दल नाही. तंतोतंतराव आतून ढकलत होते, काका बाहेरून ओढत होते, आणि काकू दोघांना ‘सावकाश’ म्हणत होत्या, तेही अशा आवाजात की दोघंही दचकून जोर लावत. कपाट पलंगाला वळसा घालून दारापर्यंत आलं. दारात शिरलं. थोडं आणखी शिरलं. मग त्याचा पुढचा पाय उंबरठ्यावर चढला, एका बाजूची कड चौकटीत रुतली आणि आतून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला.

“काय मोडलं?” काकांनी विचारलं.

“मी नव्हे,” आतून उत्तर आलं. पण त्या उत्तरात खात्री नव्हती.

कपाट ना पुढं जाई ना मागं. बाजूला फट म्हणाल तर बोटभर, वर म्हणाल तर वीतभर. खिडकीला गज. थोडक्यात तंतोतंतराव स्वतःच्या झोपायच्या खोलीत, स्वतःच्या कपाटाकडून, स्थानबद्ध झाले.

आवाज ऐकून इमारतीचे चिटणीस वर आले. गळ्यात चष्मा आणि काखेत नियमांची वही घेऊनच ते जन्मले असावेत.

“मोठं सामान हलवायचं तर आदल्या दिवशी अर्ज लागतो,” ते कपाटाला म्हणाले, कारण समोर तेच होतं.

“सामान घराबाहेर जात नाहीये हो,” कपाट तंतोतंतरावांच्या आवाजात म्हणालं.

“खोलीबाहेर तर जातंय?”

“जातही नाहीये!”

चिटणीस विचारात पडले. “जाणाऱ्या सामानाला अर्ज आहे. राहणाऱ्या सामानाला नाही. पण जाता जाता राहिलेल्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. हे समितीपुढं ठेवावं लागेल.”

“कपाट?” काकूंनी विचारलं.

“प्रश्न,” चिटणीस म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. असला प्रश्न त्यांच्या कारकिर्दीत पुन्हा येणार नव्हता.

एवढ्यात मेहुणी आली. तिनं चपलाही काढल्या नाहीत.

“भाऊजी कुठं आहेत?”

तिघांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

“कपाटात?”

“कपाटामागं,” तंतोतंतराव म्हणाले.

“लपायला हीच जागा मिळाली? भाऊजी, बाहेर या आणि सांगा, काय बोललात तिला?”

“‘हं’ म्हटलं.”

“कसं म्हटलंत?”

“कसं म्हणजे? ‘ह’वर अनुस्वार.”

“बघा!” मेहुणी सगळ्यांकडे वळून म्हणाली. “माझ्या बहिणीनं आयुष्य काढलं या अनुस्वारावर. मी असते तर केव्हाच ‘जाते’ म्हटलं असतं.”

तंतोतंतरावांना हे लागलं. ज्याच्या शब्दावर विसंबून कचेऱ्या चालल्या, त्याला आपल्याच घरात, तेही कपाटाआडून, उलटतपासणी द्यावी लागत होती. ते ताठ मानेनं उत्तर देणार होते. पण फटीतून बोलायचं तर मान वाकडी करावी लागे, आणि वाकड्या मानेनं बाणेदार बोलता येत नाही.

मेहुणीनं पोलीस चौकीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून तो कपाटावर ठेवला.

“भांडण झालं होतं का?” हवालदारांनी विचारलं.

“माहीत नाही,” तंतोतंतराव म्हणाले.

“माहीत नाही म्हणजे?”

“झालं असलं तर तिला माहीत असेल.”

पलीकडं हे उत्तर तसंच लिहून घेतलं गेलं. हवालदार विवाहित असावेत. “बरं. वय?”

“माझ्यापेक्षा मोठी,” मेहुणी म्हणाली.

“तुमचं वय?”

“ते कशाला हवंय तुम्हाला?”

“राहू द्या,” हवालदार म्हणाले, आणि हा शब्द ऐकून कपाटामागं कोणीतरी कण्हलं. “जाताना अंगावर काय होतं?”

सगळ्यांनी कपाटाकडे बघितलं. तंतोतंतरावांनी डोळे मिटले. सकाळचं चित्र त्यांनी समोर आणलं. वर्तमानपत्र स्पष्ट दिसलं. पहिल्या पानावरचा मथळा, त्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक. वर्तमानपत्राच्या पलीकडचं काही दिसेना.

“साडी,” ते अखेर म्हणाले.

“रंग?”

“नेहमीचा.”

“भाऊजी!” मेहुणी म्हणाली.

“तिचा आवाज सांगू शकतो मी,” तंतोतंतराव घाईघाईनं म्हणाले. “बोलली ते शब्द सांगू शकतो. ‘राहू दे’ म्हणताना ‘दे’ थोडा ओढते. हाक मारताना आधी ‘अहो’ म्हणते आणि मग बराच वेळ काहीच म्हणत नाही. त्या मधल्या वेळात आपण वळून बघायचं असतं, हे मला… हे मला आत्ता कळतंय.”

मेहुणीनं पदर नीट केला. काकूंनी हळूच काकांना विचारलं, “काय म्हणाले?” आणि काका अनुभवाचा एकही दाखला न देता म्हणाले, “काही नाही.”

“साहेब,” फोनमधून आवाज आला, “संध्याकाळपर्यंत वाट बघा. बहुतेक येतात.”

‘बहुतेक’ हा शब्द तंतोतंतरावांनी जन्मभर टिपला होता. इतका जड तो कधी लागला नव्हता. ते पलंगावर बसले. बाहेर चर्चा चालूच राहिली. चिटणिसांचं म्हणणं, चौकट काढायला इमारतीची परवानगी लागेल. काकांचं म्हणणं, कपाटाला तेल लावावं. मेहुणीचं म्हणणं, भाऊजींना तेल लावावं. तंतोतंतराव काहीच टिपत नव्हते. ती येईल, तेव्हा काय म्हणायचं, एवढंच ते मनात जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य ‘हं’पाशी येऊन थांबत होतं.

ऊन खिडकीतून पार भिंतीवर गेलं, तेव्हा बाहेरच्या दाराची कडी वाजली.

“अगंबाई! एवढी माणसं?” ती म्हणाली. “आणि हे कपाट इथं काय करतंय?”

“ताई, कुठं होतीस?” मेहुणी ओरडली.

“कुठं म्हणजे? यांच्या बहिणीकडे. डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आज त्यांना. केवढी ती रांग! हे कुठं आहेत?”

चौघांनी कपाटाकडे बोट दाखवलं.

“तू ‘जाते’ म्हणालीस,” फटीतून आवाज आला. तो भरून आलेला होता, पण तक्रारीचा.

“मग? तुम्हालाच विचारलं ना मी? ‘ताईंना डॉक्टरकडे तुम्ही नेताय, की मी जाऊ?’ तुम्ही ‘हं’ म्हणालात. मी पुन्हा विचारलं, ‘हं म्हणजे कोण?’ तुम्ही पुन्हा ‘हं’. मग म्हटलं, बरं, जाते. आणि त्या गडबडीत फोन राहिला.”

म्हणजे ‘जाते’ हे उत्तर होतं! प्रश्न वर्तमानपत्राच्या पलीकडेच राहिला होता. तंतोतंतरावांच्या नोंदीत कामकाजाचा फक्त शेवटचा शब्द आला होता.

“आणि फोन करायचा होतात की ताईंकडे.”

“रागावलेली बायको नवऱ्याच्या बहिणीकडे जात नाही,” अनुभवीकाका पुटपुटले.

“पण मी रागावलेच नव्हते! आणि कपाट कोणी हलवलं?”

“तू ‘राहू दे’ म्हणालीस म्हणून,” तंतोतंतराव म्हणाले.

“राहू दे म्हटलं म्हणून हलवलंत?”

“राहू दे म्हणजे अजून हललं नाही, असं…” इथं सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. काकांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं एकदम आठवलं.

“राहू दे म्हणजे राहू दे!” ती म्हणाली. “अहो, सुतारानं ते कपाट खोलीतच बसून जोडलं होतं. दारातून जाणारच नाही ते, म्हणून राहू दे म्हटलं. तेव्हा तुम्ही घरातच होतात.”

“काय करत होतो?”

“पेपर वाचत होतात.”

माणसं हळूहळू पांगली. मेहुणी जाताना कपाटाला म्हणाली, “भाऊजी, माफ केलं, पण विसरले नाही.” चिटणीस ‘राहिलेल्या सामानाचा’ मुद्दा मनात घोळवत उतरले. घर शांत झालं. बाहेर भांड्यांचा आवाज आला, मग कपाटाच्या डोक्यावरच्या फटीतून एक हात आणि हातात बिस्किटं आली.

“चहा वरून येणार नाही. हे खा.”

तंतोतंतरावांनी बिस्किटं घेतली. हात मात्र लगेच सोडला नाही.

“खरंच गेले असं वाटलं तुम्हाला?” पलीकडून तिनं विचारलं.

“हो.”

“आणि कशावरून गेले असं वाटलं?”

“तेच कळेना. म्हणून ठरवलं होतं, आलीस की ठोक भावात माफी मागायची. तुला हवी त्या गोष्टीला लावून घे.”

ती हसली असावी. कपाट थोडं हललं. “रागावून जाणारी बाई ‘जाते’ असं सांगायला थांबत नाही हो. ती काही न बोलता जाते.”

तंतोतंतरावांनी आठवून बघितलं. काही न बोलता ती किती वेळा गेली होती हे त्यांना सांगता येईना, कारण जे बोललंच गेलं नाही ते त्यांच्याकडे टिपलेलं नव्हतं. ते गडबडले. “आज साडी कुठली नेसली होतीस?” त्यांनी विचारलं.

“आहे ना अंगावर. बघा.”

त्यांनी पलंगावर चढून वरच्या फटीला डोळा लावला. हिरवी होती. काठ तपकिरी. त्यांनी ते नीट बघून घेतलं, पुन्हा विचारलं तर असावं म्हणून. आणि मग उगाचच आणखी थोडा वेळ बघत राहिले.

“उतरा आता, पडाल. मी कोपऱ्यावरच्या सुताराला घेऊन येते. तोवर ते कपाट राहू दे. येते हं.”

दार लागलं. येते! येते म्हणाली! तंतोतंतराव पलंगावर आडवे झाले, बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला, आणि सकाळपासून प्रथमच त्यांनी पाय लांब केले. जग पुन्हा जागेवर आलं होतं. त्यांचं बोट समाधानानं गुडघ्यावर गिरवत होतं: येते, येते.

मग बोट थांबलं. थोडं मागं गेलं. आणि ‘येते’च्या आधीचा शब्द गिरवू लागलं.

तंतोतंतराव उठून बसले. त्यांनी कपाटाकडे बघितलं. ‘राहू दे’ म्हणाली होती. ‘दे’ ओढला होता का? थोडा ओढला होता बहुतेक. की नव्हता?

त्यांनी बिस्किट खाली ठेवलं, कपाटापाशी जाऊन त्याला खांदा लावला. आणि न ढकलता, न सोडता, ती येईपर्यंत तसेच उभे राहिले.